सारखा आकडा, जुळलेला संच

एकाच कंपनीची चार-पाच मोबाइल ॲप्स असणे आता नवलाचे राहिलेले नाही. जेवण घरपोच देणाऱ्या सेवेला ग्राहकासाठी एक ॲप लागते, हॉटेलवाल्यासाठी दुसरे, पोचवणाऱ्यासाठी तिसरे. पुण्या-मुंबईतल्या अनेक सॉफ्टवेअर कंपन्या तर इतरांसाठी एकाच वेळी कितीतरी ॲप्स सांभाळतात. सर्व्हरशी बोलणे, चित्रे दाखवणे, लॉगिन, नकाशे ही कामे या सगळ्या ॲप्समध्ये बहुतेक परक्यांनी लिहिलेल्या लायब्ररीच करतात. या लायब्ररींची व्हर्जन्स सगळ्या प्रोजेक्टांत जुळती कशी ठेवायची, या प्रश्नाचा इतिहास सहसा साधनांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी हे आले, मग त्याहून चांगले ते आले. मला त्यात एका समजुतीचा इतिहास दिसतो. सगळीकडे सारखा आकडा असला की मेळ बसला, असे या व्यवसायाने बरीच वर्षे मानले. प्रत्यक्षात मेळ बसतो तो एकत्र तपासलेल्या संचामुळे. ही गोष्ट उमगायला मोठी किंमत मोजावी लागली, आणि अनेक ठिकाणी ती अजून उमगलेली नाही.

या समजुतीचे मूळ सुरुवातीच्या वर्षांत आहे. मार्च २०११ मध्ये गूगलने अँड्रॉइडच्या जुन्या फोनांवर नव्या सोयी चालाव्यात म्हणून एक लायब्ररी काढली. पुढे ती सपोर्ट लायब्ररी म्हणून ओळखली जाऊ लागली. ती वापरायची म्हणजे तिची जार फाइल उचलायची आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकायची. तिच्या व्हर्जनची नोंद कुठेच होत नसे. फाइल हीच नोंद. ॲपने एखादे लायब्ररी प्रोजेक्ट जोडले आणि त्यातही हीच जार वेगळ्या व्हर्जनची असली, की डेव्हलपरांचे तेव्हाचे साधन एक्लिप्स बिल्ड थांबवून सांगे की एकाच जारच्या दोन प्रती सापडल्या आणि त्या तंतोतंत सारख्या नाहीत. ही तपासणी केवळ फाइलच्या एसएचए-१ ठशावर चाले आणि तसे तो संदेशच कबूल करी. कोणती प्रत नवी, कोणती जुनी, त्या एकमेकींशी जुळतात का, यातले काहीच त्याला कळत नव्हते. त्यावर डेव्हलपरकडे इलाजही एकच होता: एक प्रत घ्यायची आणि सगळीकडे तीच चिकटवायची. आयफोनच्या बाजूलाही परका कोड एक्सकोडमध्ये ओढून आणायचा आणि तो दोनदा आला की लिंकरने अडवायचे, असाच क्रम होता. मेळ म्हणजे तंतोतंत सारखेपणा, हा धडा एका पिढीने असा हाताने गिरवला.

नोंद लिहिण्याची पद्धत मोबाइलकडे दुसऱ्या क्षेत्रांतून आली. जावाच्या जगात मेव्हन २००४ पासून हे करत होते, रूबीच्या जगात बंडलरने २०१० मध्ये लॉक फाइल, म्हणजे ठरलेली नेमकी व्हर्जन्स गोठवून ठेवणारी नोंद, रुळवली, आणि रूबीतल्याच त्या परंपरेतून २०११ मध्ये आयफोनसाठी कोकोपॉड्स उभे राहिले. अँड्रॉइडमध्ये मे २०१३ ला अँड्रॉइड स्टुडिओची घोषणा झाली आणि त्याच्याबरोबर ग्रेडल हे बिल्डचे साधन आले. आता फाइल उचलावी लागत नव्हती. नाव आणि आकडा लिहिला की पुरे. कोकोपॉड्सच्या लॉक फाइलने एक खरा प्रश्न सोडवला: एकाच प्रोजेक्टवर काम करणाऱ्या सगळ्यांच्या मशीनवर तीच व्हर्जन्स येऊ लागली. पण लॉक फाइल एका प्रोजेक्टची असते. पाच प्रोजेक्टांत पाच लॉक फाइली असल्या, तर प्रत्येक प्रोजेक्ट आपापल्या तारखेला गोठतो आणि त्यांच्यातले अंतर पद्धतशीरपणे जपले जाते.

त्याहून अवघड गोष्ट अशी की लिहिलेला आकडा आणि ॲपमध्ये गेलेला आकडा एकच असेल याची खात्री उरली नाही. लायब्ररी आपल्याबरोबर इतर लायब्ररी ओढून आणते. दोन वाटांनी एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स आली, तर मेव्हन झाडाच्या मुळाला जवळचे घेते, ग्रेडल सर्वांत नवे घेते. म्हणजे दोन ॲप्सच्या बिल्ड फाइलींत अक्षरश: तोच आकडा लिहिला आणि त्यातल्या एकात जाहिरातीचे एखादे एसडीके जास्त असले, की दोन्ही ॲप्समध्ये वेगवेगळी व्हर्जन्स जाऊ शकतात. आकडा सारखा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला हे क्रॅश रिपोर्ट आल्यावर समजते.

तरीही गूगलने आधी सारख्या आकड्याचाच आग्रह धरला. सपोर्ट लायब्ररीचे सगळे भाग एकाच व्हर्जनचे हवेत, नाहीतर ॲप चालताना बंद पडू शकते, अशी ताकीद अँड्रॉइड स्टुडिओ लाल रेघ ओढून देई. गूगलच्या सेवा ॲपला जोडणाऱ्या प्ले सर्व्हिसेस लायब्ररीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. ॲपचा कोड ज्यात भरला जातो त्या एका डेक्स फाइलमध्ये ६५,५३६ मेथडचीच सोय असल्यामुळे ती अवजड लायब्ररी २०१४ च्या अखेरीस ६.५ व्हर्जनपासून तुकड्यांत मिळू लागली. तुकडे झाले, पण सगळ्यांना आकडा एकच. नकाशाच्या तुकड्यात काही बदलले नसले तरी त्याचा आकडा वाढे, आणि कुठल्या तरी तिसऱ्या एसडीकेने एकच तुकडा पुढे ओढला की सगळी रचना विस्कटे. आकडा सारखा ठेवण्याचे ओझे ग्राहकावर, आणि त्या आकड्यातून काय बदलले याचा बोध मात्र शून्य. २०१८ मध्ये दोन्ही ठिकाणी हा हट्ट सोडला गेला. मे महिन्यात प्ले सर्व्हिसेसच्या भागांना १५.०.० पासून स्वतंत्र आकडे मिळाले. त्याच महिन्यात सपोर्ट लायब्ररीची जागा घेणाऱ्या अँड्रॉइडएक्सची घोषणा झाली, सप्टेंबरात त्याचे १.०.० आले आणि सपोर्ट लायब्ररी २८.०.० वर थांबली.

इथे वाचकाला वाटेल की गोष्ट संपली: प्रत्येक लायब्ररी आपल्या गतीने चालेल, आणि मोठा बदल, छोटा बदल, दुरुस्ती हे आकड्यावरूनच ओळखण्याचा संकेत सगळे पाळतील. पण हा संकेत म्हणजे एका लेखकाने एका लायब्ररीबद्दल दिलेला शब्द असतो. दोन लायब्ररी एकमेकींबरोबर नीट चालतील, असे त्यात कोणीच म्हटलेले नसते. म्हणून स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच वर्षांत संच परत आले. गूगलच्याच फायरबेसने आपल्या अँड्रॉइड लायब्ररींसाठी बॉम, म्हणजे जुळणाऱ्या व्हर्जन्सची प्रसिद्ध केलेली यादी, काढली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडचे स्क्रीन रचण्यासाठीच्या कंपोज या लायब्ररींच्या समूहानेही काढली. त्या पहिल्या यादीत युआयचे व्हर्जन १.३.० होते आणि मटेरियल ३ चे १.०.०. आकडे वेगळे, संच एक आणि त्या संचाला स्वत:चे नाव. वर्तुळ फिरून जुन्याच जागी आले, असे म्हणणाऱ्यांनी हा तपशील पाहावा. जुन्या पद्धतीत आकडा सारखा होता म्हणून भाग जुळतात असे मानले जाई. नव्या पद्धतीत भाग जुळवून प्रसिद्ध केले जातात, आकडा काहीही असो.

अनेक प्रोजेक्टांसाठी याच काळात ग्रेडलने व्हर्जन कॅटलॉग दिला, २०२१ च्या ७.० मध्ये प्रायोगिक आणि २०२२ च्या ७.४ मध्ये पक्का. एका टॉमल फाइलमध्ये सगळ्या लायब्ररींची नावे आणि आकडे ठेवायचे; ती प्रसिद्ध करून दहा प्रोजेक्टांना वापरता येते. सोय मोठी आहे, पण तिच्याबद्दल गैरसमजही मोठा आहे. कॅटलॉग आकडे देऊ करतो, लादत नाही. मागच्या दाराने नवे व्हर्जन आले तर ग्रेडल तेच घेणार. बंधन घालायचे असेल तर प्लॅटफॉर्म, म्हणजे व्हर्जन निवडीवर बंधने घालणारी ग्रेडलची यादी, लागतो, आणि त्या प्लॅटफॉर्मवर सगळ्या ॲप्सच्या चाचण्या चालवाव्या लागतात. ज्या टीमने नुसती टॉमल फाइल वाटली तिने एक्लिप्सच्या काळातली जारच वाटली.

यावर गूगलचेच उदाहरण पुढे केले जाते. २०१६ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार दोन अब्ज ओळींचा कोड एकाच रिपॉझिटरीत राहतो आणि लायब्ररीचे साधारणपणे एकच व्हर्जन चालते. मग सारखा आकडाच बरोबर नाही का? नाही, कारण तिथे काम करते ती शिस्त: लायब्ररी बदलणारा ती वापरणाऱ्यांचा कोडही सुधारतो, आणि त्या सगळ्यांच्या चाचण्या बदल आत जाण्याआधी धावतात. दहा वेगळ्या रिपॉझिटरी असलेल्या कंपनीने यातला आकडा घेतला आणि चाचण्या सोडल्या, तर तिच्या हाती टरफल येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चालते ॲप कशाला हलवायचे, आणि सगळी ॲप्स एकदम नव्या व्हर्जनवर नेली तर एक दोष सगळीकडे पसरणार नाही का? २०१५ चे एएफनेटवर्किंगचे प्रकरण या आक्षेपाच्या बाजूने बोलते. आयफोन ॲप्समध्ये सर्रास असलेल्या या लायब्ररीच्या २.५.१ व्हर्जनमध्ये सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तपासणी चुकून ढिली पडली होती, म्हणजे जुन्यावर थांबलेले सुरक्षित आणि नव्यावर गेलेले उघडे. पण पुढचे पाऊल पाहा. २.५.२ मध्ये दुरुस्ती आली, तरी ती आल्यावरही कित्येक ॲप्स २.५.१ घेऊनच स्टोअरवर राहिली. वेबसाइट दुरुस्त केली की सर्वांसाठी दुरुस्त होते. ॲपचे तसे नाही, प्रत्येकाचा नवा बिल्ड, नवे परीक्षण, आणि मग वापरणाऱ्याने अपडेट करण्याची वाट. अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो आपल्या कोणत्या ॲपमध्ये ते व्हर्जन आहे हा. एकच यादी ठेवणाऱ्याला उत्तर लगेच मिळते आणि बदलही एकाच जागी करावा लागतो. दोष एकदम पसरण्याची भीती खरी आहे. पण ती ताज्या आकड्यामागे धावण्याची भीती आहे, संच ठेवण्याची नव्हे. देखभालीपुरत्या उरलेल्या जुन्या ॲपला नव्या संचात ओढण्याचीही गरज नाही. त्याच्यासाठी वेगळा, नाव दिलेला जुना संच असावा, आणि तो कधी बंद होणार याची तारीख त्यावर असावी.

अँड्रॉइडवर हे सारे आता साधनांत उतरले आहे. आयफोनच्या बाजूला ती स्थिती नाही. कोकोपॉड्सचा मध्यवर्ती साठा डिसेंबर २०२६ पासून फक्त वाचनापुरता ठेवण्याची घोषणा त्याच्या सूत्रधारांनी केली आहे, आणि टीम ॲपलच्या स्विफ्ट पॅकेज मॅनेजरकडे वळत आहेत. एक्सकोड ११ पासून, म्हणजे २०१९ पासून, तो एक्सकोडमध्येच मिळतो. त्याचीही रिझॉल्व्ड फाइल एका प्रोजेक्टपुरतीच असते. अनेक ॲप्सना एका संचावर ठेवायचे तर टीमला स्वत:चे एक सामायिक पॅकेज करावे लागते, ज्यात नेमकी व्हर्जन्स लिहिलेली असतात आणि सगळी ॲप्स त्याच्यावर अवलंबून असतात. प्रत्येक ॲपची पॉडफाइल, म्हणजे कोकोपॉड्सची यादी, एकेक करून जशीच्या तशी उतरवून घेणे सोपे आहे, आणि घाईत बहुतेक जण तेच करतील. त्याआधी त्या सगळ्या लॉक फाइली शेजारी-शेजारी ठेवून एकच यादी बनवायला आणि ती सगळ्या ॲप्सवर तपासायला काही आठवडे लागतील. साठा वाचनापुरता होण्याआधी तेवढा वेळ काढणे टीमच्या हातात आहे.