विषमज्वराचा रक्तातील माग

शरीराच्या रक्षणार्थ निसर्गाने रक्ताला जी जंतुनाशक शक्ती बहाल केली, तीच शक्ती रोगाचे निदान करू पाहणाऱ्या संशोधकांच्या वाटेत दीर्घकाळ आडवी पडली, ही रक्तसंवर्धनाच्या, म्हणजे रक्तातील जंतू बाहेर वाढवून पाहण्याच्या, इतिहासातील मोठी मौजेची गोष्ट होय.

विषमज्वराचा जंतू एबर्थ याने 1880 साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि गाफ्की याने 1884 साली तो वाढवून दाखविला खरा. परंतु त्यासाठी घेतलेली प्लीहा मृताच्या देहातील असल्यामुळे अंथरुणास खिळलेल्या रोग्याला त्या शोधाचा काडीमात्र उपयोग नव्हता. 1896 साली विदालची रक्तपरीक्षा आली, पण तिचा निकाल दुसऱ्या आठवड्यापूर्वी सहसा हाती लागत नसे. तेव्हा जिवंत रोग्याच्या शिरेतील रक्तातूनच जंतू हस्तगत करावा, ही तजवीज क्रमप्राप्त होती. आणि हांबुर्ग येथे शॉटम्युलर याने 1900 च्या सुमारास ती नेटाने चालविली असता, विषमज्वराचे म्हणून दप्तरी दाखल झालेल्या काही रोग्यांच्या रक्तात निराळाच जंतू निघाला, ज्याच्या रोगाला पुढे पॅराटायफॉइड म्हणू लागले.

अडचण होती ती खुद्द रक्ताची. ताजे रक्त शरीराबाहेर काढल्यावरही जंतूंचा संहार करते, हे नटॉल याने 1888 सालीच दाखवून दिले होते. शिवाय रक्त गोठले की जंतू गुठळीत अडकतात, आणि मुळात ते इतके विरळ असतात की थेंबभर रक्तात एखादा सापडेल असा भरवसा नाही. म्हणून रक्त भरपूर घ्यावे व त्याच्या दसपट मांसरसात पातळ करावे, अशी वहिवाट पडली. मात्र 1906 साली कॉनराडी याने काढलेला तोडगा मला सर्वांत चतुर वाटतो: त्याने कुपीत बैलाचे पित्त भरले. पित्ताने रक्त गोठत नाही, त्याची मारकशक्ती लुळी पडते, आणि पित्ताशयात वर्षानुवर्षे बिऱ्हाड थाटणाऱ्या या जंतूला तर ते माहेरच. आयोडीनने कातडी पुसून काढलेले पाच-दहा मिलिलिटर रक्त त्या हिरवट-पिवळ्या द्रवात मिसळायचे, कुपी 37 अंशांच्या उबदार पेटीत ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी, ज्योतीवर लाल करून निवविलेल्या तारेच्या कडीने त्यातला थेंब उचलून मॅकाँकीच्या नावाच्या, जंतू वाढविण्याच्या तांबूस थरावर ओढायचा. तेथे वर्णहीन ठिपके उगवले की संशय बळावे. इतर जंतूंसाठी पित्ताचे हे काम 1938 साली फॉन हेब्लर आणि माइल्स यांनी 'लिक्वॉइड' या रसायनाकडून करवून घेतले.

एवढा खटाटोप करून रोगाचे नाव कळे. औषध मात्र नसे. 1948 साली मलायात क्लोरॅम्फेनिकॉलचा गुण दिसून आला तेव्हा कुठे त्या नावाला किंमत आली, आणि लगोलग नवा घोटाळाही उभा राहिला, कारण औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातून जंतू उगवेनासे झाले. आजची यंत्रे कुपीतील कार्बन डायऑक्साइडची वाढ अहोरात्र टिपतात, काही कुप्यांत तर औषध शोषून घेणारी राळही घातलेली असते. तरी पहिल्या मात्रेपूर्वीच रक्त काढावे, हा जुना दंडक अद्याप कायम आहे.