सोन्याच्या मागावरचा अभियंता आणि अशोकाचे नाव

1/ रायचूर जिल्ह्यातील मस्की गावाजवळ एका शिळेवर ब्राह्मी लिपीतील लघुशिलालेख आहे. 1915 मध्ये तो उजेडात आणला तो कोणा पुरातत्त्वज्ञाने नव्हे, तर निजामाच्या राज्यात सोन्याच्या खाणींच्या कामावर असलेल्या सी. बीडन या अभियंत्याने. लेखाच्या आरंभीच 'देवानंपिय' या बिरुदापाठोपाठ एक नाव येते: असोक.

2/ या एका नावाचे मोल मोठे होते. जेम्स प्रिन्सेप याने 1837 च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा स्तंभांवर आणि खडकांवर 'देवानंपिय पियदसि' असा राजा आढळला. हा पियदसि म्हणजेच मौर्य अशोक, हे अनुमान जॉर्ज टर्नर याने सिंहलमधील पाली ग्रंथांच्या आधारे मांडले. अनुमान बळकट होते. परंतु खुद्द लेखात नाव नव्हते. मस्कीने ते दिले. पुढे गुजर्रा, नित्तूर आणि उदेगोळम येथील लेखांतही ते सापडले.

3/ सोने शोधणारा माणूस मस्कीला का गेला, याचे उत्तर खडकांत आहे. रायचूरच्या या भागात अडीचशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे शिस्ट खडकांचे पट्टे आहेत. मुळात समुद्रतळावर पसरलेला लाव्हा आणि गाळ पुढे खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला. भूकवचाच्या हालचालींत हे खडक काही अरुंद पट्ट्यांत एकमेकांवरून घासले, चिरडले आणि पापुद्र्यांसारखे ताणले गेले. अशा पट्ट्यांना भूवैज्ञानिक शिअर झोन म्हणतात. त्यांतील भेगांतून खोलवरचे उष्ण द्रव वर चढले आणि जाताना गारेच्या शिरा व त्यांत सोन्याचे कण मागे ठेवून गेले. प्रमाण अत्यल्प असते: टनभर खडकात काही ग्रॅम.

4/ (मीरा रोडच्या वाचकाने घराजवळची टेकडी खणण्याचा विचार सोडावा. तिथला खडक सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा. सोन्याच्या खडकांपुढे तो कालचा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच आच्छादनाखाली आहे. ते संपते तिथे, पूर्व विदर्भात, जुने खडक उघडे पडतात आणि नागपूर जिल्ह्यात परसोडी परिसरात सोन्यासाठी ड्रिलिंगही झाले आहे.)

5/ मस्कीजवळच हट्टी आहे. आज देशात खाणीतून निघणारे बहुतेक सोने तिथलेच. 1956 पर्यंत हा मुलूख आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कंपनीचे लोक हट्टीला पोहोचले, तेव्हा त्यांच्या आधी कोणीतरी येऊन गेल्याचे दिसले. जमिनीवर खड्ड्यांच्या रांगा होत्या, खडक कुटून झालेल्या उखळ्या होत्या. प्राचीन खोदकाम सुमारे 640 फूट खोल गेले होते. त्यातील लाकडी आधारांची कार्बन पद्धतीने केलेली कालगणना सुमारे दोन हजार वर्षे मागे जाते.

6/ सुरुंगाची दारू नसताना हे कसे साधले? जाळाने. खडकाला लाकडे लावून तो तापवायचा आणि तडकला की लोखंडी हत्याराने फोडायचा. राख आणि कोळसा याची साक्ष देतात. अरुंद विवरात, शेकडो फूट खाली, धुरात हे काम चाले. फोडलेली गार वर आणून कुटायची, दळायची आणि पाण्यात धुवायची. एवढ्या खटाटोपातून चिमूटभर पिवळा कण हाती लागे.

7/ आधुनिक शोध याच खुणांवरून निघाला. नवे भूवैज्ञानिक पुष्कळदा आधी जुने खड्डे शोधतात. मग हिऱ्याचे दात बसवलेल्या नळीने तिरके भोक पाडतात, जेणेकरून जुन्या खोदकामाच्या खालून ती शीर छेदली जाईल. नळीतून खडकाचा लांबट गाभा निघतो. तो उभा चिरतात, अर्धा तपासणीला जातो, अर्धा पेटीत राहतो. मध्येच गाभा तुटून नुसती पोकळी लागली, तर तिथे पूर्वीच कोणी पोहोचल्याची शक्यता असते.

8/ इतिहासाच्या दृष्टीने हा व्यवहार दुधारी आहे. नवी खाण जुन्या खाणीत घुसली म्हणून ती लाकडे मिळाली. त्याच धडाक्यात जुने बोगदे, राखेचे थर आणि हत्यारे नष्टही होतात. निजाम राज्यातील भूवैज्ञानिक लिओनार्ड मन याने प्राचीन खाणींच्या नोंदी चिकाटीने केल्या. तसे टिपून ठेवणारे थोडेच. बाकीच्यांना हवे होते सोने.

9/ अशोकाच्या दक्षिणेतील राजपुत्राचे ठाणे 'सुवर्णगिरी' होते, असे ब्रह्मगिरीच्या लेखातून कळते. काही अभ्यासक हे स्थान मस्कीजवळच्या कनकगिरीत शोधतात, काही कर्नूल जिल्ह्यातील जोन्नगिरीत. जोन्नगिरीजवळच एर्रगुडीला अशोकाचे लेख आहेत. आणि त्याच जोन्नगिरीच्या शिस्ट पट्ट्यात, प्राचीन खड्ड्यांच्या शेजारी, अलीकडच्या काळात पुन्हा ड्रिलिंग होऊन नवी सोन्याची खाण उभी राहिली आहे.