मोटारीच्या हँडलाचा अस्त

विक्रोळीवरून ठाण्याकडे जाणाऱ्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादुर शास्त्री मार्गावर, एके काळीं मोटार सुरू करणें हें मनगटाचें काम होतें. हँडल फिरवितांना एंजिनानें उलटा झटका दिला, कीं हात मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि हें संकट टळूं लागलें. त्यास शक्ति पुरविली ती गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं शोधलेल्या शिशाच्या बॅटरीनें. आजही मोटार अडली, तर प्रथम दिवे लावून पाहावेत. किल्ली फिरवितांच ते मंदावले, तर बहुधा बॅटरी क्षीण किंवा तिचे सांधे गंजलेले. तेजस्वी राहिले, तर दोष बहुधा स्टार्टरांत वा त्याच्या तारांत. मनगटाचें भय गेलें. पारखी नजरेची गरज मात्र राहिली.