हिशेब मागणारे चर्च आणि हिशेब देणारे चर्च

धर्मसंस्थेने राजकारणात पडू नये असे सांगणारे लोक दोन प्रकारचे असतात. एकाला धर्माच्या नावाने चालणारी दंडेली नको असते. त्याच्याशी आमचे भांडण नाही. दुसऱ्याला फक्त हिशेब विचारणारा माणूस नको असतो. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा या दुसऱ्या प्रकारात मोडतात. 2007 मध्ये काही पाद्र्यांनी त्यांना मानद पाद्रीपद दिले, तेव्हा धर्म आणि राजकारणाची सरमिसळ त्यांना खटकली नाही. येशू परत येईपर्यंत आमचाच पक्ष राज्य करील, असे ते सभांतून सांगत, तेव्हाही खटकली नाही. 2016च्या अखेरीस मात्र चर्चच्या नेत्यांनी राजकारणात पडू नये, आमच्यासाठी प्रार्थना करावी, असा उपदेश त्यांनी केला. कारण सरळ आहे. त्या वर्षी चर्चने प्रार्थनेबरोबर चौकशीही सुरू केली होती.

आम्ही चर्चचे भाट नाही. याच देशात चर्चने काय केले ते आम्हाला ठाऊक आहे. 1857 मध्ये डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने काही गोऱ्यांच्या 'दुर्बलते'ला मान देऊन काळ्यांची वेगळी उपासना मान्य केली. सवलत म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे नियम झाली आणि नियमाचे धर्मशास्त्र झाले. वेगळा पाणवठा, वेगळी वस्ती, वेगळे देऊळ ज्यांच्या पूर्वजांनी भोगले, त्यांना हा प्रवास वेगळा समजावून सांगायला नको. बायबल हातात घेऊन वर्णद्वेषाचे समर्थन करणारे पाद्री तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते.

पण त्याच बायबलच्या आधारे उभे राहिलेले दुसरे चर्चही तिथे होते. साऊथ आफ्रिकन कौन्सिल ऑफ चर्चेस ही अनेक चर्चची मिळून संस्था. डेस्मंड टुटू तिचे सरचिटणीस होते. जोहान्सबर्गमधील तिचे कार्यालय, खोत्सो हाऊस, 1988 मध्ये बॉम्बने उडवले गेले. तो बॉम्ब सरकारच्याच पोलिसांनी ठेवला होता, हे नंतर त्यांनीच कबूल केले. म्हणजे या संस्थेने मुक्तिलढ्याची किंमत मोजली होती. 1994 मध्ये सत्तेवर आलेला आफ्रिकन नॅशनल काँग्रेस हा पक्ष तिच्यासाठी परका नव्हता, लढ्यातला सोबती होता.

खरी परीक्षा इथेच असते. शत्रूचा भ्रष्टाचार कोणीही दाखवील. आपल्या माणसांचा कोण दाखवणार?

झुमांच्या काळात उत्तर प्रदेशातील सहारनपूरहून तिकडे गेलेल्या गुप्ता बंधूंचा सरकारवरील प्रभाव इतका वाढला की मंत्री कोण व्हावा हेही त्यांच्या बंगल्यावर ठरते, असा आरोप होऊ लागला. मार्च 2016 मध्ये उपअर्थमंत्री म्सेबिसी जोनास यांनी गुप्तांनी आपल्याला अर्थमंत्रिपद देऊ केल्याचे जाहीरपणे सांगितले. गुप्तांनी ते नाकारले. तिथल्या मोठ्या बँकांनी गुप्तांची खाती बंद केली, तेव्हा ती चालू ठेवणारी बँक आपली बँक ऑफ बडोदा होती, हेही आपण विसरू नये.

जोनास बोलले. पण ज्यांना मंत्रिपदाचे कवच नव्हते, त्या अधिकाऱ्यांनी काय करायचे? चुकीच्या कागदावर सही करायला नकार द्यावा तर नोकरी जाते, सही करावी तर आपणच आरोपी होतो. एप्रिल 2016 मध्ये कौन्सिलने नेमके हे ओळखले आणि एक मंडळ नेमले. मनावरचे ओझे उतरवायचे असेल त्याने इथे यावे, नाव गुप्त राहील, कायद्याचा सल्ला मिळेल, अशी त्याची रीत होती. कबुलीजबाब ऐकण्याची चर्चची जुनी परंपरा इथे भ्रष्टाचाराच्या साक्षीदाराच्या कामी आली.

18 मे 2017 रोजी सोवेटोच्या रेजिना मुंडी चर्चमध्ये सरचिटणीस बिशप मालुसी म्पुम्लवाना यांनी निष्कर्ष मांडले. हे म्पुम्लवाना तरुणपणी स्टीव्ह बिको यांच्याबरोबर काळ्यांच्या आत्मभान चळवळीत काम केलेले आणि तुरुंग भोगलेले. त्यांनी सांगितले की ही सुटी सुटी लाचखोरी नाही, राज्ययंत्रणा ताब्यात घेऊन लुटण्याची आखीव पद्धत आहे, आणि अशा सरकारने नैतिक अधिकार गमावला आहे.

लुटले कोणाला गेले? फ्री स्टेट प्रांतात व्रेडे इथे एक सरकारी दुग्धप्रकल्प होता. गरीब काळ्या शेतकऱ्यांना त्यात वाटा मिळणार होता. शेतकरी वाट पाहत राहिले. 2017 मध्ये फुटलेल्या ई-मेलांतून दिसले की त्यातले सुमारे 3 कोटी रँड गुप्तांच्या घरच्या 2013च्या लग्नाकडे वळले होते. भ्रष्टाचार म्हणजे हेच. शेवटच्या माणसाच्या ताटातला घास पहिल्या पंगतीत वाढला जातो.

चर्चने एकट्याने झुमांना खाली खेचले, असे आम्ही म्हणणार नाही. लोकरक्षक थुली मादोनसेला यांचा अहवाल, पत्रकारांची चिकाटी, न्यायालये आणि रस्त्यावर उतरलेली जनता यांचे ते श्रेय आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये झुमांना राजीनामा द्यावा लागला आणि न्यायमूर्ती झोन्डो यांच्या आयोगाने पुढे सुमारे तीन वर्षे साक्षी घेतल्या. चर्चने केले ते इतकेच, की भ्यालेल्या साक्षीदाराला आधी बसायला जागा दिली.

आता उलटा हिशेब. याच कौन्सिलचे माजी सरचिटणीस जॉन रीस 1983 मध्ये संस्थेच्या पैशांच्या फसवणुकीत दोषी ठरले. वर्णद्वेष हे पाप आहे असे जगाला ठणकावणारे पाद्री अॅलन बोसाक 1999 मध्ये देणग्यांच्या अपहारात दोषी ठरले. त्यांनी गुन्हा कधी मान्य केला नाही, आणि 2005 मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफीही मिळाली. तरी प्रश्न उरतोच. लढ्यातले योगदान मोठे असले, म्हणजे वहीत खाडाखोड चालते का? चालत नाही. कौन्सिलच्या हिशेबातील गोंधळाचा फायदा वर्णद्वेषी सरकारने उठवला आणि संस्थेमागे चौकशी आयोग लावला. आपल्या वहीतली चूक शत्रूचे हत्यार होते.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते, की राजकारणातली भक्ती हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे. मुक्तिदात्या पक्षाची भक्ती दक्षिण आफ्रिकेला कुठे घेऊन गेली ते आपण पाहिले. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. धर्मसंस्था असो वा चळवळीची संस्था, तिने सत्तेला हिशेब जरूर विचारावा, आपला सोबती सत्तेत असेल तेव्हा तर दुप्पट आवाजात विचारावा. पण त्याआधी स्वतःच्या जमाखर्चाची वही दारात, सगळ्यांना वाचता येईल अशी, उघडी ठेवावी. वर्गणी देणारी मोलकरीण असो वा शेतमजूर, ती वही वाचण्याचा पहिला हक्क तिचा आहे.