सोलापूर ते मुंबई : अंतर आणि अवधि

सोलापुराहून मुंबई लोहमार्गानें सुमारें ४५५ किलोमीटर आहे. हें अंतर दीडशें वर्षांत फारसें बदललें नाहीं. तें तोडण्यास लागणारा अवधि मात्र बदलत गेला, आणि तो बहुधा वाहनाच्या वेगापेक्षां वाटेंतील अडथळ्यानेंच ठरविला.

पूर्वीं बैलगाडीची दिवसाची मजल पांच-सात कोसांची. एवढ्या वाटेस पंधरवडाहि पुरत नसे. १८३० सालीं गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, तेव्हां गाड्यांची घाटांतील ये-जा सुकर झाली.

मग आगगाडी आली. १८५३ सालीं ती मुंबईहून ठाण्यास गेली. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणें हा मार्ग १८५८ सालीं खुला झाला आणि १८६० सालीं रूळ सोलापुरास येऊन भिडले. परंतु खालचा मार्ग व वरचा मार्ग यांच्यामध्यें बोरघाट तसाच आडवा! उतारूंनीं खंडाळ्यास गाडी सोडावी, पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसून घाट उतरावा आणि खोपोलीस दुसरी आगगाडी धरावी, असा क्रम होता. मालाचीहि तीच गत. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसासाठीं आसुसल्या. त्या ऐन तेजींतहि घाटापुरता भरंवसा बैलांवरच होता.

घाट फोडण्याचें काम मोठें बिकट. पंचवीस बोगदे आणि १,८३१ फुटांची चढण! कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें येतांच निवर्तला. पुढें त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें तें कंत्राट सांभाळलें. १८६१ सालीं तेथें ४२,००० मजूर खपत होते. पटकीनें व तापानें त्यांतील हजारों दगावले. बोगदे पाहून लोक इंजिनियरांस धन्य म्हणतात. पहिला मान खरें पाहतां या मजुरांचा आहे. १८६३ सालीं घाट खुला झाला आणि सोलापूर मुंबईस अखंड जोडलें गेलें. पुढें दहा-पंधरा वर्षांतच सोलापुरांत जुनी मिल उभी राहिली, यांत नवल नाहीं.

विमानाला घाट नाहीं. सरळ रेषेंत तें अंतर अवघें ३६० किलोमीटरांच्या आसपास भरतें. तरीहि अडथळा उभा राहिलाच! होटगी रस्त्यावरील विमानतळाजवळ सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारें ९० मीटर उंचीची चिमणी होती. चिमणी गेल्यास गाळपाचें काय, ही सभासद शेतकऱ्यांची व कामगारांची चिंता खोटी नव्हती. विमान हवें म्हणणाऱ्या नागरिकांची निकडहि खोटी नव्हती. हा वाद वर्षानुवर्षें न्यायालयांपर्यंत चालला. अखेर जून २०२३ मध्यें ती चिमणी पाडण्यांत आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें मुंबईची विमानसेवा सुरू झाली. हा प्रवास सुमारें एका तासाचा. फेब्रुवारी २०२३ मध्यें सुरू झालेल्या वंदे भारत गाडीस त्यासाठीं सुमारें साडेसहा तास ठरविले गेले. ती गाडी बोरघाटांतूनच खालीं उतरते.