रात्रीची स्वस्त वीज आणि दोन आकड्यांचे मीटर

३० जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एक रेडिओ संदेश टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागला. तो कधी कुणाच्या कानावर पडलेला नव्हता. बीबीसी रेडिओ ४ च्या लाँग वेव्ह प्रक्षेपणात, १९८ किलोहर्ट्झवर, बातम्या आणि क्रिकेटचे धावते वर्णन चालू असताना त्याच लहरीची कला किंचित बदलून हा संदेश पाठवला जाई. घरातल्या मीटरशेजारी बसवलेली एक पेटी तो टिपायची आणि त्याप्रमाणे स्वस्त दर सुरू करायची, हीटर लावायची, पहाटे पुन्हा बंद करायची. १९८० च्या दशकात उभी राहिलेली ही रेडिओ टेलिस्विच यंत्रणा बंद करायची वेळ आली, तेव्हाही तीन लाखांहून अधिक घरे तिच्यावर अवलंबून होती. मीटर बदलले नाही तर हीटर रात्रभर चालूच राहील किंवा लागणारच नाही, असा इशारा तिथल्या ग्राहकांना महिनोन्महिने दिला जात होता.

एका देशातल्या लाखो घरांनी आपले गरम पाणी आणि खोलीतली ऊब मध्यरात्रीच्या ठरावीक तासांवर का सोपवली, याचे उत्तर शोधायला विजेच्या धंद्याच्या पहिल्या दिवसांकडे जावे लागते.

त्या काळी वीज म्हणजे दिवे. संध्याकाळ झाली की सगळे ग्राहक एकदम बटण दाबत आणि झोपायची वेळ झाली की मागणी कोसळे. त्या तीन-चार तासांसाठी बॉयलर, इंजिने, तांब्याच्या तारा असा सगळा खर्च करून ठेवायचा आणि उरलेला दिवस भांडवल पडून ठेवायचे, ही कंपन्यांची डोकेदुखी होती. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८९२ मध्ये एका व्याख्यानात ती नेमकी मांडली. ग्राहकाला वीज पुरवण्याचा खर्च तो एकूण किती युनिट वापरतो यावरच ठरत नाही. त्याच्यासाठी केव्हाही तयार राहण्यावरही ठरतो, असे त्याचे म्हणणे. ब्रायटनच्या आर्थर राइटने या विचाराला यंत्राची जोड दिली. घराने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली, हे त्याच्या दर्शकात काचेच्या नळीत सांडलेल्या द्रवाच्या पातळीवरून कळे. शिकागोचा वीजसम्राट सॅम्युअल इन्सल ब्रायटनला आला, त्याने ही पद्धत पाहिली आणि ती अमेरिकेत नेली. आजच्या बिलातला 'स्थिर आकार' याच विचाराच्या कुळातला आहे. घर महिनाभर बंद असले तरी तो का लागतो, असा प्रश्न दर महिन्याला कुणाला तरी पडतो. त्याचे उत्तर हॉपकिन्सनने सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

युनिट मोजण्याचा प्रश्न त्याआधीच सुटत आला होता. एडिसनच्या सुरुवातीच्या मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या रसायनात बुडवलेल्या असत आणि महिन्याअखेर त्यांचे वजन करून बिल काढत. १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कंपनीतल्या ओट्टो ब्लाथीने प्रत्यावर्ती विजेसाठी प्रेरण मीटर तयार केले. फिरती तबकडी आणि तिच्यासोबत पुढे सरकणारे आकडे ही आपल्या घरोघरी परवापरवापर्यंत दिसणारी रचना त्याच घराण्यातली. दोन दरांच्या मीटरमध्ये तबकडी एकच, आकड्यांच्या ओळी मात्र दोन. तबकडीचे फिरणे कोणत्या ओळीत जमा करायचे, हे शेजारचे घड्याळ ठरवते. रचना एवढी साधी आहे, पण तिची घराघरांत गरज पडायला ब्रिटनवर १९४७ चा हिवाळा यावा लागला.

त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत बर्फाने देश गाडला गेला. कोळसा खाणींच्या तोंडाशी होता, पण रेल्वेने वीजकेंद्रांपर्यंत पोहोचत नव्हता. फेब्रुवारीत इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी कारखान्यांची वीज तोडली आणि घरांची वीज रोज पाच तास बंद ठेवली. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या मराठी वाचकाला ते चित्र वेगळे समजावून सांगायला नको. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९४८ रोजी, वीजउद्योग सरकारच्या ताब्यात आला. घरगुती ग्राहकांच्या कमाल मागणीचे काय करायचे हे पाहण्यासाठी एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष सर अँड्र्यू क्लो हे भारतातल्या सनदी नोकरीतून आणि आसामच्या गव्हर्नरपदावरून परतलेले गृहस्थ. त्यांच्या समितीच्या विचारानुसार हिवाळ्यात युनिट महाग आणि एरवी थोडे स्वस्त, असा दर लावून पाहिला गेला. लोक चिडले आणि एकाच हिवाळ्यानंतर तो मागे घ्यावा लागला. थंडीने काकडणाऱ्या माणसाला 'आत्ता हीटर लावू नकोस' हे महाग दराने सांगणे अन्यायाचेच होते. शिवाय हंगामी दराला एक मोठी मर्यादा होती: गर्दीचे तास कोणते हे तो सांगतच नव्हता.

मग वीज मंडळांनी उलट्या बाजूने विचार केला. संध्याकाळची मागणी कमी होत नसेल, तर रात्रीची वाढवायची. उष्णता रात्री साठवून दिवसा वापरता आली तर? यातून आला स्टोरेज हीटर, १९६० च्या दशकात ज्याचा ब्रिटनभर जोरात प्रचार झाला. बाहेरून हा पत्र्याचा एक बुटका, रुंद खोका. आत ओळीने रचलेल्या जड, घट्ट विटा आणि त्यांच्यामधून गेलेल्या विजेच्या तारांच्या कांड्या. मध्यरात्री वीज सुरू झाली की विटा कित्येक शे अंश तापतात आणि सकाळी वीज बंद झाल्यावर ती ऊब हळूहळू खोलीत सोडत राहतात. वर दोन चकत्या असतात. एकीने आज रात्री किती उष्णता भरून घ्यायची ते ठरवायचे, दुसरीने ती किती वेगाने बाहेर सोडायची. म्हणजे उद्याच्या थंडीचा अंदाज घरमालकिणीने आज झोपण्यापूर्वी बांधायचा. अंदाज चुकला तर दुपारी खोली विनाकारण उकडायची, किंवा माणसे कामावरून घरी येईपर्यंत, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास, विटा थंडगार झालेल्या असायच्या.

तरीही काळ त्याला अनुकूल होता. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर दाटलेल्या विषारी धुरक्याने हजारो बळी घेतले आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. कोळशाच्या शेगड्या हटवायच्या होत्या आणि विजेला धूर नव्हता. पुढे १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या नव्याकोऱ्या २२ मजली इमारतीत गॅसचा स्फोट होऊन एक अख्खा कोपरा पत्त्यांसारखा कोसळला. त्यानंतर तशा बांधणीच्या अनेक इमारतींतून गॅस काढून टाकण्यात आला आणि तिथल्या भाडेकरूंना विजेच्या उबेवाचून पर्याय राहिला नाही. त्याच सुमारास उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू सापडून घराघरात पोहोचू लागला होता. ज्यांना गॅसची जोडणी मिळाली ते त्या स्वस्त सोयीकडे वळले. स्टोरेज हीटर उरला तो प्रामुख्याने उंच इमारतींतल्या फ्लॅटमध्ये आणि जिथे गॅसची नळी पोहोचली नाही अशा खेड्यांत. दुहेरी दराच्या पुढच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण ज्यांनी हा दर खुशीने निवडला त्यांच्यापेक्षा ज्यांच्या वाट्याला तो आला, अशा लोकांची बिले त्यात गुंतलेली राहिली.

१९७८ च्या ऑक्टोबरात 'इकॉनॉमी ७' आले. नाव सरळ आहे: रात्रीचे सात तास स्वस्त. आधीचे रात्रदर बहुधा फक्त हीटर आणि पाण्याच्या टाकीसाठी वेगळ्या जोडणीवर असत. आता त्या सात तासांत घरातला दिवा, फ्रिज, धुलाई यंत्र सगळेच स्वस्त दरात मोजले जाऊ लागले. त्याच्या मोबदल्यात दिवसाचे युनिट साध्या दरापेक्षा महाग झाले. वीज मंडळांना यात रस होता, कारण अणुवीज केंद्रे आणि कोळशाचे मोठे संच रात्री बंद करून सकाळी पुन्हा सुरू करणे परवडत नव्हते. ती चालूच ठेवायची, तर त्यांची वीज कुणीतरी घ्यायला हवी होती.

बिलाचे गणित इथे उलगडते. समजण्यासाठी सोपे आकडे धरू. साधा दर युनिटला २५ पेन्स, दुहेरी दरात दिवसा ३० आणि रात्री १५. महिन्याला ३०० युनिट लागणाऱ्या घराचे साधे बिल ७५ पाउंड. तेच घर दुहेरी दरावर गेले आणि १०० युनिट रात्री वापरले, तर रात्रीचे १५ आणि दिवसाचे ६० मिळून पुन्हा ७५ च. रात्री १५० युनिट गेले तर बिल साडेसदुसष्ट पाउंड होते. पण हीटर काढून टाकलेल्या घरात रात्री फ्रिज आणि एखादा दिवा मिळून ६० च युनिट लागत असतील, तर बिल ८१ पाउंडांवर जाते. या आकड्यांत एक तृतीयांश वापर रात्री गेला तरच बरोबरी होते. प्रत्यक्षात दरांप्रमाणे हा उंबरठा वरखाली होतो, पण उंबरठा असतोच. घर विकले गेले, नव्या मालकाने गॅस घेतला, मीटर मात्र तेच राहिले, अशी उदाहरणे ब्रिटनमध्ये असंख्य. भाड्याच्या घरात आलेल्या परक्या माणसाला तर दोन आकडे का दिसतात हेच कळत नसे.

घड्याळाचेही असेच. स्वस्त सात तास प्रदेशाप्रमाणे वेगळे असत, आणि जुन्या मीटरची घड्याळे ग्रीनिच वेळेवर लावलेली असून उन्हाळ्यात ती एक तास पुढे केली जात नसत. ज्या भागात स्वस्त वेळ रात्री १२ ते ७, तिथे जूनमध्ये ती भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे १ ते ८ होई. सव्वाबाराला कपडे धुवायला लावणाऱ्या बाईचा पहिला पाऊण तास महाग दरातच मोजला जाई. वीज जाऊन आली की काही घड्याळे मागे पडत आणि मग स्वस्त वेळ हळूहळू सकाळकडे सरकत जाई. सर्वांत मोठा घोळ रीडिंगचा: दिवसाच्या ओळीतला आकडा रात्रीच्या रकान्यात नोंदला गेला, की वर्षानुवर्षे उलटे बिल येत राही. ते तपासायचा उपाय सोपा होता. भर दुपारी किटली लावायची आणि कोणती ओळ सरकते ते पाहायचे.

रात्रीची शिल्लक वीज खपवायला घरांखेरीज डोंगरही कामाला लावले गेले. वेल्समध्ये १९८४ साली पूर्ण झालेले डिनॉर्विग केंद्र रात्री पाणी वरच्या तलावात चढवते आणि मागणी उसळली की काही सेकंदांत वीज देते. आपल्याकडे सह्याद्रीतला २५० मेगावॅटचा घाटघर उदंचन प्रकल्प त्याच तत्त्वावर चालतो.

रिकाम्या रात्रीचे हे गणित महाराष्ट्राने वेगळ्या आणि कठोर रूपात अनुभवले आहे. शेतीपंपांना कधी दिवसा, कधी रात्री, अशी पाळीने वीज मिळत आली. रात्रीच्या पाळीत उसाला पाणी द्यायला शेतकरी साप आणि बिबट्याच्या भीतीत बांधावर उभा राहिला. ब्रिटनमधल्या गृहिणीला निदान स्वस्त दराचे आमिष होते. इथे झोपमोड आणि जिवाचा धोका शेतकऱ्याच्या माथी आला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागे दिवसा वीज देण्याची मागणी होती, आणि ती पूर्णपणे न्याय्य आहे.

सौरऊर्जेने आता घड्याळच फिरवले आहे. शिल्लक वीज मध्यरात्री नाही, दुपारी तयार होते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल करून उन्हाच्या तासांत दर कमी ठेवण्याची चौकट घातली. महाराष्ट्रात उद्योगांना वेळेनुसार दर दोन दशकांहून अधिक काळ लागू आहेत. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत महावितरणने जाहीर केली. ब्रिटनचा अनुभव इथे उपयोगी पडावा. ज्या घरात दुपारी कुणी नसते, नवरा-बायको दोघेही सातला परततात, त्या घराला दुपारची सवलत मिळणार तरी किती? आणि घरी राहणाऱ्या आजी-आजोबांना गिझर, धुलाई यंत्र आणि पाण्याची मोटर कधी लावायची हे कुणी समजावून सांगणार आहे का? दर ठरवणाऱ्यांनी ग्राहकाच्या दिवसाची रचना आधी पाहायला हवी, आणि बिलात प्रत्येक वेळेचे युनिट व दर मराठीत, ठळक अक्षरांत, वेगवेगळ्या ओळींत छापायला हवेत.

वाचकाने आपल्यापुरते एवढे जरूर करावे: पुढचे बिल आले की फक्त खालची एकूण रक्कम पाहून ते बाजूला ठेवू नये. वेळेनुसार युनिट दाखवणारा तक्ता असेल तर तो वाचावा, दुपारच्या तासांत किती युनिट पडले ते मागच्या महिन्याशी ताडून पाहावे, आणि आकडा पटला नाही तर मीटरच्या पडद्यावरचे रीडिंग टिपून घेऊन लेखी तक्रार करावी.