पुरुष कोण हे ठरवायचे कोणी? बीडचा पोलिस शिपाई आणि आश्रय मागणारे समलिंगी

माजलगाव तालुक्यातील राजेगावच्या ललिता साळवे बीड पोलिस दलात महिला शिपाई होत्या. २०१७ मध्ये त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली आणि खाते पेचात पडले. रजेचे सोडा, शस्त्रक्रियेनंतर नोकरी टिकणार कशी? स्त्री आणि पुरुष शिपायांच्या भरतीचे निकष वेगळे, उंचीसुद्धा वेगळी. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी शासनाने परवानगी दिली. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ते ललित साळवे म्हणून पोलिस दलातच राहिले.

ललित यांचा प्रश्न लिंगओळखीचा होता. समलिंगी पुरुषाचा प्रश्न आकर्षणाचा असतो. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या चळवळीतही होते. पण टेबलापलीकडचा अधिकारी दोघांना एकाच फूटपट्टीने मोजतो: पुरुष म्हणजे असा असा.

छळाला कंटाळून परदेशात आश्रय मागणाऱ्या समलिंगी तरुणांना ही फूटपट्टी फार महागात पडते. २०१८ मध्ये ऑस्ट्रियात एका अफगाण तरुणाचा अर्ज फेटाळला गेला. त्याची चाल, वागणे, कपडे यांवरून तो समलिंगी वाटत नाही, असे अधिकाऱ्याने लिहिले. तो भांडखोर असल्याचेही कारण दिले. त्याच देशात एका इराकी तरुणाचे वागणे 'अति बायकी', म्हणून ते सोंग ठरवले गेले. म्हणजे मर्दानी दिसला तरी खोटा, नाजूक दिसला तरी खोटा!

युरोपीय संघाच्या न्यायालयाने याला आधीच लगाम घातला होता. डिसेंबर २०१४ च्या निकालानुसार केवळ साचेबंद समजुतींवर निर्णय घेता येत नाही, शारीरिक संबंधांचे तपशील विचारता येत नाहीत आणि तसे चित्रीकरण पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये समलिंगी आहे की नाही हे ठरवणाऱ्या मानसशास्त्रीय चाचण्यांनाही मनाई झाली. संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी उच्चायुक्तालयाने तर २०१२ मध्येच मार्गदर्शन केले होते: अर्जदाराचे लग्न झाले आहे, मुले आहेत, एवढ्यावरून तो समलिंगी नाही असे मानू नये. मराठवाड्यातल्या वाचकाला हे वेगळे समजवायला नको. पोरगा 'लाईनवर' यावा म्हणून बोहल्यावर चढवणारी घरे आपल्या ओळखीची आहेत.

हा विषय आपला नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे हा कर्व्यांचा गुन्हा. न्यायालयात त्यांची बाजू मांडली बाबासाहेबांनी. खटला हरला, दंड झाला.

भारताने १९५१ च्या शरणार्थी करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे स्वतंत्र शरणार्थी कायदाही नाही. त्यामुळे दुसऱ्या देशातून पळून इथे आलेल्या समलिंगी माणसाने दाद मागायची, तर दिल्लीतले उच्चायुक्तालयाचे कार्यालय गाठायचे.